वेल्क्रोतल्या दोन बिया

उद्या सकाळच्या लाँचने निघायचंय. बॅग भरून झाली, झोप काही येत नाहीये, म्हणून लिहायला बसले. तीन आठवडे या छोट्याशा बेटावर व्हॉलंटियर म्हणून राहिले आणि रोज रात्री दोन ओळी तरी लिहीन असं ठरवलं होतं, पण पहिल्या आठवड्यात इतकी दमायचे की वही उघडायच्या आधीच डोळे मिटायचे. आज सगळं एकदम लिहितेय, क्रम लागला तर लागला.

आधी परवाचं, कारण मनात तेच घोळतंय. परवा सकाळी रेनकोट वाळत घालताना डाव्या बाहीच्या वेल्क्रोत काहीतरी टोचलं. नीट बघितलं तर गवताच्या दोन बिया, बारीक, तपकिरी, एका टोकाला कुसळ असलेल्या. माझ्या पोटात गोळाच आला. बाहेरचं बी, कीड, उंदीर बेटावर शिरू नये म्हणून इथे यायच्या आधी फॉर्म भरून सही केली होती की बूट ब्रशने घासले, खिसे उलटे करून झाडले, बॅगेच्या शिवणी तपासल्या. हे सगळं मी खरंच केलं होतं, अगदी टूथब्रश घेऊन बुटांच्या खाचा साफ केल्या होत्या. इथे उतरल्यावरही सामान बंद खोलीतच उघडायचं असतं, म्हणजे आत उंदीर, पाल, मुंगी काही असलंच तर ते खोलीबाहेर पडायच्या आत सापडावं, तेही केलं. पण रेनकोट गुंडाळून बाजूच्या कप्प्यात ठेवलेला होता, तो काढून दाखवायचा राहिला. वेल्क्रो लक्षातच आलं नाही. आणि बिया सगळ्यात जास्त अडकतात त्या वेल्क्रोत, मोज्यांत आणि बुटाच्या जिभेखाली, हे मला सांगितलेलं होतं.

पाच मिनिटं मी तशीच उभी राहिले आणि खरं सांगते, बिया चुलीत टाकून गप्प बसावं असा विचार मनात येऊन गेला. मग आजींकडे गेले. (ज्यांच्या हाताखाली मी काम करते त्या बाईंना इथे सगळेच आजी म्हणतात, मीही म्हणते.) त्या रागावल्या नाहीत. त्यांनी भिंग आणलं, बिया कागदाच्या पुडीत ठेवल्या, वर तारीख घातली आणि एकच प्रश्न विचारला, "हा रेनकोट कुठे कुठे घातला होतास?"

पाऊस दोनच दिवस पडला होता आणि दोन्ही दिवस मी वरच्या वाटेच्या पेट्या तपासायला गेले होते. पेट्या म्हणजे काय ते सांगते. या बेटावरून उंदीर संपवलेत, पण संपले म्हणून निवांत बसता येत नाही, एखाद्या बोटीतून, सामानाच्या खोक्यातून परत येऊ शकतात, आणि गाभण मादी असेल तर ती एकटीच पुरते. म्हणून बेटभर ठरावीक अंतरावर छोट्या पेट्या ठेवल्यात आणि त्यात चॉकलेटच्या वासाचा मेणाचा तुकडा. उंदीर आला तर तो मेण कुरतडणार आणि दाताचे ठसे उमटणार. ठसे वाचायला आजींनी शिकवलं. उंदराच्या पुढच्या दातांच्या दोन रेघा जोडीने, अगदी शेजारी शेजारी उमटतात. खेकड्याने ओरबाडलं असेल तर वेड्यावाकड्या चिमट्यासारख्या खुणा दिसतात आणि गोगलगाय चालली असेल तर मेण वरवर खरवडल्यासारखं वाटतं. माझ्या फेरीत ३४ पेट्या, त्यातल्या ११ वरच्या वाटेला. प्रत्येक पेटीपाशी गुडघे टेकायचे, बाही वर सारायची, झाकण काढायचं, मेण फिरवून चारी बाजूंनी बघायचं, वहीत "काही नाही" लिहायचं आणि पुढे निघायचं. तीन आठवड्यांत मी "काही नाही" इतक्या वेळा लिहिलंय की हात आपोआप लिहितो. आणि त्या "काही नाही"साठीच तर हे सगळं चाललंय.

तर बाही वर सारायची म्हणजे वेल्क्रो उघडायचं, टर्रकन. म्हणजे बी पडली असेल तर पेटीपाशीच पडली असणार. आजींनी ते माझ्या आधी ओळखलं. त्या दिवशी दुपारी आम्ही चौघं अकराच्या अकरा पेट्यांपाशी गेलो आणि प्रत्येक ठिकाणी हातभर त्रिज्येची जमीन बोटांनी चाळली. तीन तास लागले. एक बी सापडली, सातव्या पेटीजवळ, शेवाळात उभी रुतलेली. बाकी असतील किंवा नसतील. त्या चौघांपैकी दोघांना संध्याकाळी पाण्याच्या टाकीचं गळतीचं काम होतं, एकाला जेटीवर माल उतरवायचा होता, तरी कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. मला मात्र राहून राहून वाटत होतं की मी इथे मदत करायला आले आणि यांचे नऊ मनुष्य-तास माझ्या बाहीमुळे गेले.

मग प्रत्येक जागी एकेक खुंटी ठोकली, नंबर घातला. कारण गवताची बी लगेच उगवेलच असं नाही, काही तणांच्या बिया जमिनीत कित्येक वर्षं जिवंत पडून राहतात, म्हणून त्या अकरा जागा आता दर हंगामात कुणीतरी जाऊन बघायच्या.

उंदरांचं एवढं का, हे मला इथे येईपर्यंत नीट कळलं नव्हतं. इथले सागरी पक्षी जमिनीतल्या बिळात अंडं घालतात, शिअरवॉटर जातीचे पक्षी तर वर्षाला एकच, आणि शत्रूला चुकवायला रात्रीच्या अंधारातच किनाऱ्यावर येतात. आभाळातल्या शत्रूपासून वाचायची ती युक्ती, बिळात शिरणाऱ्या उंदरापुढे तिचा काही उपयोग नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सिली बेटं आहेत, त्यातलं सेंट ॲग्नेस आणि त्याला चिकटलेलं गू (Gugh) नावाचं बेट, दोन्ही मिळून वस्ती जेमतेम ८०-८५ माणसांची. तिथे २०१३ मध्ये उंदीर काढायची मोहीम झाली आणि त्या मोहिमेची मला सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक घराचा होकार लागला. एका घराने जरी "आमच्या गोठ्यात नको" म्हटलं असतं तरी सगळं पाण्यात गेलं असतं, कारण उंदीर त्याच गोठ्यात टिकला असता. २०१४ मध्येच शिअरवॉटरची पिल्लं जगताना दिसली, तिथल्या हयात माणसांच्या आठवणीत पहिल्यांदा. तरी बेट उंदीरमुक्त जाहीर केलं ते २०१६ मध्ये, कारण शेवटच्या खुणेनंतर दोन वर्षं नुसतं तपासत राहायचं असतं.

आणि जाहीर झालं म्हणजे संपलं असंही नाही. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाव बेटावर साधारण ३५०च माणसं राहतात, तिथे २०१९ मध्ये मोठी मोहीम झाली. त्याआधी गावात इतके मतभेद होते की मतदान घ्यावं लागलं आणि बाजूने निम्म्याहून थोडीच जास्त मतं पडली. २०२१ मध्ये तिथे परत उंदीर दिसला आणि सगळ्यांना पुन्हा कंबर कसावी लागली. आजींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मतभेद झाले तरी दुसऱ्या दिवशी त्याच जेटीवर तोच माणूस दोरी पकडायला उभा असतो ना गं." छोट्या बेटावर भांडायलाही जपून लागतं, हे मी इथे रोज बघितलं. एका मीटिंगमध्ये दोघं चांगलेच तापले होते, रात्री दिवे कमी करण्यावरून, कारण दिव्यांमुळे कासवाची पिल्लं समुद्राऐवजी उलटी चालायला लागतात. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाची बोट बंद पडली आणि ओढून आणायला दुसराच गेला. दिव्यांचं अजून पूर्ण मिटलेलं नाही, पण एकाने त्याच्या अंगणातल्या बल्बला डबा कापून टोपी केलीय, उजेड खालीच पडतो.

आता किनाऱ्याबद्दल. मी आले तेव्हा मला वाटत होतं मुख्य काम तेच. पहिल्या दिवशी गोणी घेऊन सुटलेच, बाटल्या, चपला, थर्माकोल, दोरखंडाचे तुकडे, आणि त्याच झपाट्यात वाळलेलं समुद्रशेवाळही भरायला लागले, किनारा स्वच्छ दिसावा म्हणून. आजींनी हात धरला. त्यांनी शेवाळाचा एक थर काठीने उचलून दाखवला, खाली शेकडो बारके जीव टणाटण उड्या मारत होते, वाटाण्याएवढेही नाहीत. त्यांच्यावर किनाऱ्यावरचे पक्षी जगतात आणि ते शेवाळ वाळूही धरून ठेवतं. तेव्हापासून मी वाकून, हाताने निवडून प्लास्टिक काढते. वेग निम्म्याने कमी झाला. सगळ्यात त्रास जाळ्यांचा, अर्धं जाळं वाळूत पुरलेलं असतं आणि जोर लावून ओढलं तर वाळूसकट झाडाची मुळंही उघडी पडतात, म्हणून दातेरी सुरीने कापत कापत, जेवढं मोकळं आहे तेवढंच काढायचं. एका जाळ्याला मला दीड दिवस लागला.

आणि गोळा केल्यावर पुढे काय? इकडे किनारा सफाईचे फोटो आपण बघतो त्यात भरलेल्या गोण्यांपाशी गोष्ट थांबते. बेटावर खरी गोष्ट तिथून सुरू होते. आमच्या ६२ गोण्या शेडमागे रचून ठेवल्यात, लाँचमध्ये जागा असेल आणि समुद्र शांत असेल तेव्हा चारपाच चारपाच करून जातात. सेशेल्सच्या अल्डाब्रा बेटावर २०१९ मध्ये १२ व्हॉलंटियरनी पाच आठवडे राबून २५ टन कचरा काढला, त्यात वजनाने बहुतांश मासेमारीचं सामान, आणि त्यानंतरच्या अंदाजानुसार ५०० टनांहून जास्त तिथेच पडून आहे. तो आकडा वाचून मी एकदा फार खचले होते. मग वाटलं, त्या २५ टनांच्या जागी कासवीण वर चढू शकली असेल ना. मला तेवढं पुरतं.

इथे एक गोष्ट मला मनापासून लिहायचीय. बाहेरून आलेल्या आम्हा लोकांचं फार कौतुक होतं, पण या बेटावर जी आठदहा माणसं पेट्या बघतात तीच आग विझवायच्या टीममध्ये आहेत, तीच टाकी दुरुस्त करतात, तीच रात्री-अपरात्री आजारी माणसाला बोटीत घालून नेतात, तीच मीटिंगच्या नोंदी ठेवतात. त्यांना कुणी व्हॉलंटियर म्हणत नाही, टी-शर्टही मिळत नाही. मला वाटतं, बाहेरच्या माणसाने इथे येताना आपल्याला काय अनुभव मिळेल हे बाजूला ठेवून आल्या आल्या विचारावं, तुमचं कुठलं कंटाळवाणं काम माझ्याकडे देऊ शकता? पेट्यांची फेरी अशीच कंटाळवाणी आहे. मी ती तीन आठवडे केली तेव्हा आजींना नर्सरीतल्या रोपांकडे बघायला वेळ मिळाला, दोन वर्षं मागे पडलेलं काम होतं ते. न्यूझीलंडमध्ये टिरिटिरी माटांगी नावाचं २२० हेक्टरचं बेट आहे, शेतीसाठी पार उघडं पडलेलं, तिथे १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत व्हॉलंटियर लोकांनी अडीच लाखांवर झाडं लावली आणि आज तिथे जंगल आहे. पण त्यासाठी बेटावरच नर्सरी होती आणि तिथली रोपं रोज कुणीतरी सांभाळत होतं, म्हणून येणाऱ्या माणसाच्या हातात लावायला रोप तरी मिळत होतं.

आजींची नर्सरी म्हणजे चार वाफे आणि जुन्या जाळ्याचंच केलेलं छप्पर. काल त्यांनी मला एक रोप दाखवलं, तीन पानांचं, इथल्याच झाडाच्या बीचं, उगवायला चौदा महिने लागलेलं. त्या बोटाने माती दाबत होत्या आणि मी विचारलं, "आजी, हे मोठं कधी होणार?" म्हणाल्या, "मी नसेन तेव्हा." आणि पुढच्या वाफ्याकडे गेल्या.

आज संध्याकाळी वही त्यांच्याकडे परत दिली. शेवटची फेरी, ३४ पेट्या, ३४ वेळा "काही नाही". त्यांनी मागचं पान उघडून अकरा खुंट्यांची यादी केली, प्रत्येकीसमोर तपासणीच्या तारखांचे रकाने आखले, पुढच्या पाच वर्षांचे. कोण बघणार त्या रकान्यात मला माझं नाव लिहावंसं फार वाटलं, पण मी इथे नसणार. तिथे त्यांनी स्वतःचं लिहिलं आणि खाली त्यांच्या नातीचं, ती आता नऊ वर्षांची आहे.

लाँच साडेसहाला आहे. पाचला उठून सातव्या पेटीपर्यंत जाऊन येणार आहे, अंधारात काही दिसणार नाही हे माहितीय. रेनकोट मात्र इथेच ठेवून जातेय, उकळत्या पाण्यातून काढलाय, त्यांना एक कमी पडत होता.