दोर सुटल्यानंतरच्या सहा फ्रेम

मी पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत गेमप्ले प्रोग्रामर आहे. आमचा पहिला गेम मोबाइलवर बऱ्यापैकी चालला. एक वानर कडा चढतं, खेळ सगळा एका बोटाचा. टॅप केलं की उडी, दाबून धरलं की पकड. तो चालला म्हणून प्रकाशकाने दुसऱ्या भागाला पैसे दिले आणि सोबत अट घातली: बोटाचं काम बदलायचं नाही. नवे कडे, नवे प्राणी, वानराला नव्या टोप्या, एवढं चालेल. मी हट्ट धरून त्यात झोके घ्यायचे दोर घुसवले. तेवढीच एक नवी गोष्ट.

सीक्वेल म्हणजे अर्धं काम आयतं, असं बाहेरच्यांना वाटतं. आयतं काय मिळतं ते मात्र कुणाला नीट माहीत नसतं. चित्रं तर आम्ही जवळपास सगळी पुन्हा काढली. खरी मोलाची होती ती वानराच्या हालचालीची फाइल. वानर कड्याच्या टोकावरून पुढे गेलं, पायाखाली काही उरलं नाही, तरी पुढच्या सहा फ्रेम उडी मान्य करायची, असं त्या फाइलीत लिहिलंय. फ्रेम म्हणजे पडद्यावर उमटणारं एक चित्र. सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे ही सवलत सेकंदाच्या दहाव्या भागाची. आमच्या धंद्यात तिला कोयोटी टाइम म्हणतात. खेळणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. काढून टाका, आणि ‘मी दाबलं होतं, गेमने ऐकलं नाही’ ही तक्रार लगेच सुरू होते. चार फ्रेम ठेवल्या तर माणसं चिडत होती, आठ ठेवल्या तर वानर हवेत चालल्यासारखं दिसत होतं. दुसरा नियम हलत्या दगडांचा. दगड सरकत असताना उडी मारली, तर दगडाचा वेग उडीत मिळवायचा. नाहीतर वानर दगडावरून सुटून मागे राहतं आणि डोळ्यांना ते खोटं वाटतं. या फाइलीचा मला अभिमान आहे. असं काम बक्षिसांच्या यादीत कधी दिसत नाही, पण लोक गेम पुन्हा उघडतात ते त्याच्याच जोरावर.

चाचणीच्या दिवशी बाहेरची मंडळी बोलावली होती. निम्मे पहिला भाग खेळलेले, निम्मे कोरे. आमचा एक नियम कडक आहे: खेळणाऱ्याच्या मागे उभं राहायचं, पण तोंडातून अक्षर काढायचं नाही. पहिला भाग खेळलेल्यांत डिप्लोमा करणारी एक मुलगी होती, सांगलीकडची. चौथ्या लेव्हलमध्ये एक दरी आहे. ती झोक्याने ओलांडता येऊ नये, खालून वळसा घालावा लागावा, अशी ती आखलेली. ही दोराला लटकली, झोका वेगात वर जात असतानाच बोट उचललं आणि उचलल्याबरोबर पुन्हा टॅप केलं. पहिल्या भागात कड्याचं टोक सुटल्यावर उशिरा टॅप करायची सवय तिच्या अंगठ्यात मुरलेली होती. दोर सुटला म्हणजे कडा सुटला, असं माझ्या जुन्या कोडने धरलं आणि सहा फ्रेमची सवलत दिली. वर दोर हलत होता, म्हणून त्याला हलता दगड समजून झोक्याचा सगळा वेग उडीत मिळवला. वानर दरी ओलांडून, नकाशाच्या वरच्या कडेपलीकडे, जिथे आम्ही अजून नुसते करडे ठोकळे ठेवले होते तिथे जाऊन पोचलं.

तिने मागे वळून विचारलं, “दादा, हे असंच आहे ना?” नियमामुळे मी गप्प. ती परत फिरली, पुन्हा उडाली, आणि थोड्या वेळाने जमिनीला पाय न लावता एका दोरावरून दुसऱ्यावर, तिसऱ्यावर जायला लागली. झोका कुठे सोडायचा यावर उडी उंच जाणार की लांब, हे तिला कळलं होतं. मला ते तिच्याकडून कळलं. आमच्या कुठल्याही डिझाइनच्या कागदावर ते नव्हतं.

आमच्या टेस्टरने तोवर बग लिहूनही टाकला होता: खेळाडू नकाशाबाहेर जातो, गंभीर. त्याच्यावर माझा राग नाही. युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीचा स्टुडिओ पुण्यात २००८पासून आहे. परदेशी मालिकांचे भाग तपासत इथे टेस्टरांची एक पिढी घडली आणि तिची नजर पक्की आहे. बग म्हणजे बग. राग आहे तो पुढच्या गोष्टीचा. संध्याकाळी प्रकाशकाच्या प्रोड्यूसर बाई कॉलवर आल्या आणि व्हिडिओ पूर्ण बघायच्या आधी म्हणाल्या, “हे बंद करून घ्या, पुढच्या बिल्डला दिसायला नको.”

मी भांडलो. ‘स्ट्रीट फायटर २’चं उदाहरण दिलं. १९९१चा तो दुसरा भाग तपासताना, गाडी फोडायच्या बोनस फेरीत निर्मात्यांना दिसलं की वेळ साधली तर एका फटक्याला जोडून दुसरा फटका बसतो. ते मुद्दाम केलेलं नव्हतं. वेळ साधणं अवघड आहे म्हणून त्यांनी ते तसंच राहू दिलं, आणि त्यातून आलेला कॉम्बो आज जवळपास प्रत्येक फायटिंग गेममध्ये आहे. मग ‘झेल्डा’ मालिकेतला ‘मेजोराज मास्क’ सांगितला. १९९८च्या झेल्डाचं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ कोड, तीच पात्रांची मॉडेल्स, आणि झेल्डाचे जनक मियामोतो यांनी घातलेली एका वर्षाची मुदत. २०००मध्ये त्यातून तीन दिवसांचं पुन्हापुन्हा फिरणारं जग बाहेर आलं. वाचलेला वेळ त्यांनी कालचक्रावर खर्च केला. आम्ही टोप्यांवर करतोय. शेवटी ‘डेव्हिल मे क्राय’ सांगितला, जो ‘रेसिडेंट ईव्हिल’चा पुढचा भाग म्हणून सुरू झाला होता.

बाईंनी नेमकं हेच शेवटचं पकडलं. “तो शेवटी दुसऱ्या नावाने आला ना? मग तूही हे दुसऱ्या नावाने कर. या गेमवर पहिल्या भागाचं नाव आहे आणि आम्ही पैसे त्या नावाला दिलेत.” आणि पुढे विचारलं, “जे पहिला भाग खेळले नव्हते, त्यांच्यातल्या किती जणांना ही उडी सापडली?”

एकालाही नाही. रेकॉर्डिंगं मी रात्री बसून पुन्हा पाहिली. कोरी मंडळी दोर सोडतात आणि वानर खाली येईपर्यंत वाट पाहतात. हवेत टॅप करावं असं त्यांच्या मनातही येत नाही.

या प्रश्नाने मला अजून सोडलेलं नाही. मी इतकी वर्षं मानत आलो की जुन्या खेळाडूंची सवय ही सीक्वेलच्या पायातली बेडी आहे. तेच हवं, फक्त जास्त हवं, असं लिहिणारे तेच आणि मिळाल्यावर ‘यात नवीन काय’ असं विचारणारेही तेच. पण त्या दिवशीची एकुलती एक नवी गोष्ट सवयीतूनच निघाली. तिचा अंगठा पहिल्या भागात तयार झाला नसता आणि माझा कोड पहिल्या भागातून आला नसता, तर ती उडी घडलीच नसती. कोऱ्या गेममध्ये मी दोराचा कोड स्वच्छ लिहिला असता, त्यात सहा फ्रेमची सवलत आलीच नसती. बाईंच्या ‘दुसऱ्या नावाने कर’ला हे उत्तर होतं, पण कॉलवर सुचलं नाही. आणि तरीही त्यांचा दुसरा प्रश्न उरतोच. जी गोष्ट फक्त जुन्या खेळाडूंना सापडते, ती नवा खेळ म्हणायची की जुन्यांची खूण?

सध्या तोडगा निघालाय तो असा. साध्या दोरांवरून सवलत काढली. लाल दोरांवर ठेवली, आणि तीही नऊ फ्रेमची, म्हणजे चुकून तरी लागेल. तिसऱ्या लेव्हलमध्ये असा एक लाल दोर टांगलाय, पलीकडे फळं ठेवलीत. सूचना, बाण काहीच नाही. बाईंनी एका चाचणीपुरती मुभा दिली आहे. शुक्रवारी पहिला भाग कधीच न खेळलेली मंडळी येणार आहेत. त्यांच्यातलं कुणीच उडालं नाही, तर लाल दोर जाणार.