हंगेरीला गुण देताना

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी हंगेरी, एस्टोनिया आणि बेलारूस हे तीन देश घेतले होते. समाजवादी राजवटी कोसळल्यावर तिथे लोकशाही कितपत रुजली, हे पाहायचं होतं. लोकशाहीला गुण देणारे निर्देशांक तयारच आहेत, महिन्याभरात उरकेल, असं वाटलं. सात महिने लागले.

फ्रीडम हाउस या अमेरिकी संस्थेच्या, पूर्वीच्या समाजवादी देशांना गुण देणाऱ्या ‘नेशन्स इन ट्रान्झिट’चे जुने-नवे अहवाल उघडून मी आकडे एक्सेलमध्ये उतरवत गेले. पहिला आलेख पाहून माझ्या मार्गदर्शक मॅडम एवढंच म्हणाल्या, "एस्टोनिया एका वर्षात बुडाला का गं?" खरंच, एस्टोनियाचा आकडा २ च्या खालून ६ च्या वर गेला होता आणि बेलारूसचा बरोबर उलटा आला होता. झालं होतं असं, की २०१९ पर्यंत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ७ म्हणजे सर्वात वाईट. २०२० च्या अहवालापासून हीच मोजपट्टी उलटी केली. हंगेरी नेमका मध्यावर, ४ च्या आसपास, म्हणून तिथे काहीच खटकलं नाही. माझा सगळा प्रबंध ज्या देशावर उभा होता, तिथेच चूक लपून बसली होती. शिवाय २०२० चा अहवाल २०१९ सालाबद्दल बोलतो, म्हणजे सगळी वर्षंही एकेक घर मागे सरकवायची होती. दोन आठवडे त्यातच गेले.

पण खरी अडचण पुढे होती. −१० ते +१० अशा मोजपट्टीवर राजवटींना गुण देणारा पॉलिटी निर्देशांक हंगेरीला २०१८ सालासाठीही पूर्ण +१० देतो. फ्रीडम हाउसने ‘फ्रीडम इन द वर्ल्ड’ या आपल्या दुसऱ्या मालिकेतल्या २०१९ च्या अहवालात त्याच देशाला ‘अंशतः मुक्त’ ठरवलं. युरोपीय संघातला असा तो पहिला देश. आणि स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या व्ही-डेम या लोकशाही मोजणाऱ्या प्रकल्पाने २०२० च्या अहवालात त्याला ‘निवडणुका घेणारी हुकूमशाही’ या गटात थेट टाकलं.

कोणावर विश्वास ठेवायचा? मी कोडबुकं, म्हणजे गुण कसे देतात हे सांगणाऱ्या पुस्तिका, काढून बसले. पॉलिटी मुख्यतः बघतो की सत्ताधारी कसे निवडले जातात आणि त्यांच्यावर अंकुश कोणाचा. व्ही-डेम देशोदेशीच्या तज्ज्ञांना माध्यमं, न्यायालयं, निवडणुकीचं वातावरण यांवर बारीक प्रश्न विचारतं आणि प्रत्येक आकड्यासोबत तो किती डळमळीत आहे तेही देतं. हंगेरीत मतपेट्या होत्या, विरोधी पक्षही होते. पण २०१० मध्ये सुमारे ५३ टक्के मतांवर व्हिक्टर ऑर्बान यांच्या फिदेस पक्षाला दोन तृतीयांशाहून जास्त जागा मिळाल्या. मग त्या बळावर नवी राज्यघटना आली, संसद ३८६ वरून १९९ जागांची झाली, आणि २०१४ मध्ये जेमतेम ४५ टक्के मतांवर १३३ जागा, पुन्हा दोन तृतीयांश! मतपेटीपाशी उभं राहून पाहिलं तर यातलं फारसं काही दिसत नाही.

बेलारूसवर फार वेळ गेला नाही. १९९४ नंतरच्या लुकाशेन्कोंच्या राजवटीबद्दल सगळ्यांचं एकमत आहे. एस्टोनियाने मात्र अजून पिच्छा सोडलेला नाही. १९९२ च्या संसदीय निवडणुकीत तिथल्या सुमारे एक तृतीयांश रहिवाशांना नागरिकत्व नसल्यामुळे मत देता आलं नाही, त्यांत बहुतेक रशियन भाषक. तरी गुण उत्तम. ते मला पटत नव्हतं आणि मी तसं लिहिलं.

शेवटी तिन्ही निर्देशांकांची सरासरी काढायचा मोह आवरला. हंगेरीसमोर तीन वेगळे स्तंभ ठेवले आणि प्रत्येकाखाली तो नेमका कोणता प्रश्न विचारतो ते लिहिलं. तोंडी परीक्षेत पाऊण तास त्याच पानावर चर्चा झाली.