खिडकीला धरलेली फिल्म

नववीत असताना मी शाळेमागच्या चिंचेवरून पडले आणि उजवा हात मोडला. प्लॅस्टर घालून वर्गात आले, तेव्हा आमच्या विज्ञानाच्या सरांनी विचारलं, "एक्स-रेची फिल्म घरी आहे ना? उद्या घेऊन ये." दुसऱ्या दिवशी त्यांनी ती खिडकीच्या काचेला धरली. मनगटाच्या जरा वर, पांढऱ्या हाडावर केसाएवढी काळी रेघ. "ही सगळी सावली आहे," सर म्हणाले.

सावली तर काळी असते, मग हाड पांढरं कसं? मी विचारलंच.

सरांनी लगेच उत्तर दिलं नाही. प्रयोगशाळेची दारं-खिडक्या लावून घेतली आणि माझ्या डाव्या तळहाताखाली बॅटरी पेटवून धरली. हात लालबुंद उजळला, पण हाड एकही दिसेना. उजेड मांसातच विखुरतो, ते म्हणाले. क्ष-किरण जातीने प्रकाशच, वेगही तोच, पण तरंगलांबी हजारो पटींनी लहान. मांसातून ते बरेचसे आरपार जातात, हाडातलं कॅल्शियम त्यांना अडवतं. किरण पोचतात तिथे फिल्म धुतल्यावर काळी पडते, पोचत नाहीत तिथे कोरी राहते. म्हणजे पांढरं हाड हीच सावली. आणि मोडलेल्या फटीतून किरण निसटले, म्हणून ती रेघ काळी!

त्याच तासाला राँटगेन भेटले. १८९५ मध्ये त्यांनी हे किरण शोधले, पत्नीच्या हाताचं अंगठीसकट चित्र घेतलं आणि शोधाचं पेटंट मात्र घेतलं नाही. हे सांगताना सरांचा आवाज भरून आला होता.

आज मी तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन आहे. लाल दिव्याची डार्करूम, फिल्म धुण्याचा डेव्हलपर, फिक्सरचा हाताला बसणारा आंबूस वास, सगळं केलं. आता चित्र थेट कॉम्प्युटरवर उमटतं. बटण दाबल्यावर येणारी घरघर फिरत्या अ‍ॅनोडची, म्हणजे क्ष-किरण जिथून निघतात त्या ट्यूबमधल्या धातूच्या चकतीची असते. ट्यूबमधली जेमतेम एक टक्का ऊर्जा क्ष-किरण होते, बाकी सगळी उष्णता; एकाच जागी पडली तर धातू वितळेल, म्हणून तो फिरवायचा. विमानतळावर बॅगा तपासतात तीही हीच सावली, फक्त रंगवलेली : कपडे-खाऊ केशरी, धातू निळा.

"कशालाही काढून टाका एक" म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणते. हे किरण पेशींना इजा करू शकतात, म्हणून गरजेपुरतेच वापरायचे. बाईला दिवस गेलेत का, हे मी दर वेळी विचारते, कितीही गर्दी असो. पेशंटला धरणाऱ्या नातेवाइकाला शिशाचा एप्रन घातल्याशिवाय बटणाला हात लावत नाही. ट्यूबपासूनचं अंतर दुप्पट केलं की किरणांचा मारा चौथाईवर येतो, हेही सरांनीच फळ्यावर काढून दाखवलं होतं.

माझी ती फिल्म शाळेच्या महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी पाठवली आहे. कडा पिवळ्या पडल्यात. प्रयोगशाळेच्या पूर्वेकडच्या खिडकीला लावा, सकाळच्या उन्हात. रेघ अजून दिसते.