लाल रंग दुसऱ्याच ओळीत

लसी आणि औषधे ठेवण्याच्या शीतकपाटांचा मासिक तापमान अहवाल तयार करणारा प्रोग्राम मी पायथनमध्ये लिहिला होता आणि तो बरेच महिने बिनतक्रार चालत होता. प्रत्येक ओळीत एक कपाट, पुढे खोली, किमान आणि कमाल तापमान, आणि 2 ते 8 अंश सेल्सिअसच्या बाहेर गेलेल्या आकड्याला लाल पार्श्वभूमी, एवढेच त्याचे काम. देखभाल पाहणारे तंत्रज्ञ सगळे आकडे वाचत बसत नाहीत, लाल दिसेल त्या कपाटाकडे जातात, आणि त्यांनी तसे करावे म्हणूनच तर रंग दिलेला असतो.

एके दिवशी सकाळी त्यांच्यापैकी एकांचा फोन आला. "अहो, हे कपाट तुम्ही लाल केलंय, पण आकडा तर 5.4 आहे. मी जाऊन पाहिलं, व्यवस्थित चालू आहे." मी अहवाल उघडला. 5.4 खरोखरच लाल होते, आणि सहा ओळी खाली 9.1 हा आकडा पांढऱ्या चौकटीत होता. माझ्या पोटात गोळा आला. त्या दुसऱ्या कपाटाचा क्रमांक मी त्यांना फोनवरच सांगितला, त्यातील साठा तपासणी होईपर्यंत वापरू नये असे संबंधितांना कळवले आणि मगच कोड उघडून बसले.

आदल्याच आठवड्यात अहवाल खोलीनुसार लावून मागितला गेला होता, म्हणून मी सॉर्टची एक ओळ वाढवली होती. पांडाज ही पायथनमध्ये तक्ते हाताळण्याची लायब्ररी, आणि स्टायलर हा तिचा तक्ते रंगवणारा भाग. त्याला कोणत्या चौकटी रंगवायच्या हे 'सबसेट'मधून सांगता येते, आणि सबसेट ओळ कितवी आहे ते पाहत नाही, तिचे लेबल, म्हणजे ओळीला दिलेले नाव किंवा क्रमांक, पाहतो. नुसते सॉर्ट केले असते तर काहीच बिघडले नसते, कारण लेबल आपल्या ओळीबरोबरच सरकते. 6 लेबल असलेली ओळ सर्वांत वर आली तरी तिचे लेबल 6च राहते. पण 31, 6, 2 असे विस्कटलेले क्रमांक माझ्या डोळ्यांना खुपले, म्हणून सॉर्ट करताना जुनी लेबले टाकून देणारा 'इग्नोअर इंडेक्स' हा पर्याय मी चालू केला आणि सगळ्या ओळींना 0 पासून नवे क्रमांक मिळाले. मर्यादेबाहेरच्या ओळींची यादी मात्र त्याआधीच, जुन्या क्रमांकांनी, तयार झालेली होती. त्यातले प्रत्येक लेबल नव्या तक्त्यातही होतेच, त्यामुळे एरर आला नाही आणि रंग मुकाट्याने भलत्याच ओळीवर पडला. ते लेबल तक्त्यात नसते तर ते सापडत नाही असे सांगणारा की-एरर येऊन अहवाल तिथेच थांबला असता, आणि मला तेच हवे होते.

ती यादीच मी काढून टाकली. आता सबसेटमध्ये फक्त किमान आणि कमाल हे दोन स्तंभ दिले आहेत, आणि स्टायलरच्या 'अप्लाय' या आज्ञेला अक्ष 'नन' देऊन तेवढा तुकडा एकत्रच एका फंक्शनकडे जातो. ते फंक्शन तेवढ्याच ओळी-स्तंभांचा तक्ता परत करते, ज्याच्या प्रत्येक चौकटीत रंग सांगणारी सीएसएसची (वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेची) ओळ किंवा रिकामा मजकूर असतो. जो तक्ता छापला जाणार त्याच्याच आकड्यांवरून रंग ठरत असल्यामुळे ओळींचा क्रम कितीही बदलला तरी फरक पडत नाही. लेबल म्हणून मी कपाटाचा क्रमांक लावला, तेव्हा स्टायलरने लगेच हरकत घेतली, कारण त्याला प्रत्येक ओळीचे लेबल वेगळे लागते आणि एक क्रमांक दोनदा आला होता. ते कपाट महिन्याच्या मध्यात दुसऱ्या खोलीत हलवले होते. क्रमांक आणि खोली मिळून दोन पातळ्यांचा इंडेक्स, म्हणजे जोडलेबल, केल्यावर तो प्रश्न सुटला.

हे तपासतानाच दुसरी चूक सापडली, आणि ती मला पहिलीपेक्षा गंभीर वाटते, कारण ती अगदी पहिल्या अहवालापासून होती. नोंद नसलेल्या चौकटीत 'नॅन' (आकडा नाही अशी खूण) असतो, आणि नॅन 8 पेक्षा मोठा आहे का, 2 पेक्षा लहान आहे का, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर पायथन 'फॉल्स', म्हणजे 'नाही', असेच देते. म्हणजे ज्या कपाटाचे तापमान कोणी मोजलेच नव्हते, ते अहवालात निर्धोक कपाटासारखेच पांढरे दिसत होते. अशा चौकटींना मी वेगळी अट लिहून राखाडी रंग दिला आणि त्यांत 'नोंद नाही' असे शब्द घातले. शिवाय ओळी यादृच्छिक क्रमाने उलटसुलट करून प्रत्येक कपाटाचा रंग तोच राहतो की नाही हे पाहणारी एक चाचणी लिहिली, आणि ती पास झाल्यावरच नवा अहवाल पाठवला.

दुपारी त्याच तंत्रज्ञांचा पुन्हा फोन आला. "हे राखाडी काय नवीन?" मी समजावून सांगितले. राखाडी चौकटी तीन कपाटांच्या होत्या. ते एकेक करून पाहून आले, आणि त्यांपैकी दोन कपाटांचे सेन्सर बंद पडलेले निघाले.