भोपळ्याचं सूप आणि पुरणयंत्र

कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध पीत बारापर्यंत बसलो आणि दुसऱ्या दिवशी आईचा घसा बसला. सोलापुरात या दिवसांत असंच होतं. दुपारी ऑक्टोबरचं ऊन टाळू भाजून काढतं आणि पहाटे चादर शोधावी लागते. बायकोची त्या आठवड्यात दुपारपाळी, म्हणजे रात्रीचं जेवण माझ्याकडे. म्हटलं, भाज्यांचं गरमागरम सूप करू.

मंडईतून अर्धा किलो लाल भोपळा आणला. आई त्याला डांगर म्हणते. सोबत दोन गाजरं, दोन टोमॅटो, एक कांदा, सात-आठ लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं. पहिल्या दिवशी सगळं चिरून कुकरमध्ये टाकलं, वर दोन तांबे पाणी ओतलं, तीन शिट्ट्या केल्या. भोपळ्याला स्वतःचंच इतकं पाणी सुटतं, हे डोक्यातच नव्हतं. त्यात घाई अशी, की कुकरमधलं उकळतं प्रकरण तसंच मिक्सरच्या भांड्यात काठोकाठ भरलं आणि बटण फिरवलं. आत वाफ कोंडली, झाकण उडालं. केशरी फवारा थेट भिंतीवरच्या कॅलेंडरवर! हात थोडक्यात वाचला.

आतून आईचा बसका आवाज, "काय करायलास रे मिक्सरसंगं?"

भांड्यात उरलं ते गाळून दिलं. तिनं एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. "आजाऱ्याचं पाणी आहे हे. मी काय दवाखान्यात आहे का?"

चूक माझीच होती, तिचं म्हणणं खरं. पाणचट झालं होतं, आणि कच्च्या लसणाचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी कुकर काढलाच नाही. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तेलावर जिरं, मग ठेचलेला लसूण आणि कांदा. कांदा नुसता पारदर्शक करून थांबायचं नाही, कडेनं तांबूस झाला पाहिजे. सगळी गोडी तिथंच येते. मग भोपळ्याच्या नि गाजराच्या फोडी मीठ घालून मोठ्या आचेवर परतल्या. आधी पाणी सुटतं, मग ते आटतं, आणि फोडी तळाला किंचित धरू लागतात. तेव्हा टोमॅटो, आलं आणि फोडी जेमतेम बुडतील एवढंच गरम पाणी. झाकण ठेवून वीस मिनिटं. चमच्यानं दाबल्यावर गाजराची फोड फुटली की झालं. भोपळ्यावर विसंबू नका, तो केव्हाच शिजलेला असतो.

मिक्सरला हात लावायचा धीर नव्हता. आईनंच सुचवलं, "पुरणयंत्र काढ की." भाज्या त्यातून काढल्या. टोमॅटोची सालं आणि गाजराचा चोथा जाळीवर राहिला, खाली मऊ गर. मिक्सरपेक्षा सरस, हे माझं ठाम मत.

दाटपणाला कॉर्नफ्लोअर घरात नव्हतं. दोन चमचे ज्वारीचं पीठ गार पाण्यात कालवून घातलं. गरमात थेट घातलं तर गुठळ्या होतात; आंबील करणाऱ्यांना हे सांगायला नको. सहा-सात मिनिटं ढवळत उकळलं, तेव्हा पिठाचा कच्चेपणा गेला. वरून मिरेपूड आणि थोडं लिंबू.

आईनं वाटी घेतली, चव बघितली, काही बोलली नाही. उठून डब्यातून कडक भाकरी आणली, ती सुपात चुरली, वर शेंगाचटणी भुरभुरली आणि बोटानं कालवायला लागली. मी चमचा पुढे केला, तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेवढं संपल्यावर मात्र वाटी पुढे केली, "अजून आहे का?"

थोडं उरलं ते फ्रीजमध्ये ठेवलं होतं. पिठामुळं सकाळी ते चमच्यानं कापता येईल इतकं घट्ट झालं. अर्धा पेला गरम पाणी घालून सैल करत होतो, तर आई डोकावून म्हणाली, "पिठलं केलास व्हय?"