अंबिया बहराचा रस आणि साखरपुड्याचे मफिन

काटोल तालुक्यातील एका संत्रा बागायतदाराच्या मुलीचा साखरपुडा तुळशीच्या लग्नानंतर लगेच ठरला होता, आणि पाहुण्यांना निघताना द्यायच्या डब्यात घरच्या बगीच्यातील संत्र्याचे मफिन आणि कपकेक असावेत, अशी त्या कुटुंबाची इच्छा होती. नागपुरातील ज्या बेकरीत मी केकचे काम सांभाळते, तिथे हंगामभर कळमन्याच्या बाजारातून आलेली संत्री वापरली जातात. परंतु एखाद्या शेतकऱ्याने आपले फळ आपल्या हाताने आणून द्यावे आणि त्याचाच पदार्थ करून मागावा, असे सहसा घडत नाही. दोनशे मफिन आणि शंभर कपकेक, सगळे अंड्याविना, दुपारी चारला गाडीत ठेवायचे, असे ठरले.

पुढे जे घडले त्याचे मूळ फळाच्या बहरात आहे. नागपुरी संत्र्याचे झाड वर्षातून मुख्यतः दोनदा फुलते. जानेवारी-फेब्रुवारीत फुलून ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास तोडणीला येतो तो अंबिया बहर, आणि पावसाच्या तोंडावर फुलून फेब्रुवारी-मार्चपासून येतो तो मृग बहर. झाडांना पाण्याचा ताण देऊन बागायतदार यांपैकी एक बहर धरतो. या कुटुंबाने अंबिया धरला होता आणि नोव्हेंबर अर्ध्यावर आलेला होता. फळ गोडीला लागले होते, पण देठाकडची साल अजून हिरवट होती. खायला असे फळ उत्तम लागते, किंबहुना त्यातली किंचित आंबट धार मला मृगाच्या गोडव्यापेक्षा केकसाठी अधिक आवडते. मात्र पूर्ण न पिकलेल्या संत्र्याच्या अंगी एक गुण असतो, तो रस काढून ठेवल्यावाचून कळत नाही.

त्या सकाळी गाडी आली तेव्हा तिच्यात संत्र्यांचे क्रेट होतेच, शिवाय रसाचे दोन कॅनही होते. "ताई, रस रातीच काढून ठेवला, तुमचं तेवढंच काम वाचलं," असे सांगून काका साखरपुड्याच्या तयारीसाठी तसेच परतले. घरातल्या बायाबापड्यांनी रात्री जागून, फोडी मिक्सरमधून काढून, गाळून तो रस भरला होता. मी चमचाभर चाखला. पहिल्या क्षणी तो गोड लागला, पण घोट गिळल्यावर जिभेच्या मुळाशी जो कडवटपणा उतरला तो पाणी प्यायल्यावरही जाईना.

अन्नतंत्रज्ञान शिकताना हा प्रकार मी पुस्तकात वाचला होता. इतक्या स्पष्टपणे तो जिभेवर कधी आला नव्हता. अखंड संत्र्यात, विशेषतः फोडींच्या पापुद्र्यात आणि बियांत, एक द्रव्य असते ज्याला स्वतःची कडू चव नसते. फळ चिरडले की पेशी फुटतात, ते द्रव्य रसातल्या आम्लाच्या संपर्कात येते आणि काही तासांत त्याचे लिमोनिन बनते. हे लिमोनिन इतके तीव्र असते की रसाच्या दहा लाख भागांत त्याचे सहा-सात भाग असले तरी बहुतेकांच्या जिभेला ते कळते. म्हणूनच संध्याकाळी अमृतासारखा लागलेला रस पहाटे कडू होतो, आणि त्याला उष्णता दिली तर हा बदल आणखी झपाट्याने होतो. फळ झाडावर जसजसे पिकते तसतसे मूळ द्रव्य कमी होत जाते. त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीच्या फळात हा धोका सर्वांत जास्त असतो. त्यात मिक्सरने पापुद्रे आणि काही बियाही भरडल्या गेल्या होत्या.

माझ्यासोबत काम करणाऱ्या दादांनी आधी साखर वाढवण्याचे सुचवले आणि नंतर खाण्याचा सोडा. दोन्ही सूचना अनुभवी माणसाच्या होत्या, म्हणून मी त्या बाजूला न सारता डझनभर मफिनचा एक छोटा घाणा लावून पाहिला. साखरेने कडवटपणा थोडा झाकला गेला, पण मफिन पूर्ण निवल्यावर तो पुन्हा वर आला. पदार्थ गरम असताना चव ठरवू नये ती यासाठीच. सोड्याने आंबटपणा मारला जातो, कडूपणा नव्हे. उलट जास्तीच्या सोड्याने मफिनला साबणासारखी चव आली आणि रंगही काळपट पिवळा झाला. रस वापरायचा नाही, हे तिथेच निश्चित झाले.

काकांना फोन करणे मला जड गेले. ज्यांनी मायेने रात्र जागवली, त्यांना ती मेहनत वाया गेली असे कसे सांगावे? तरीही सांगणे भाग होते, कारण डब्यावर त्यांच्या घराचे नाव जाणार होते. "काका, रस सकाळपर्यंत कडवट झाला आहे. तो घातला तर तुमच्या बगीच्याची खरी चव पाहुण्यांपर्यंत पोहोचणार नाही. क्रेटमधली फळं मी वापरू का?" असे मी विचारले. क्षणभर थांबून ते म्हणाले, "रस ठेवला का कडू होते, हे आमच्या मायले ठाऊक होतं, ताई. आमच्याच ध्यानात नाही राहिलं. फळं लागतील तेवढी घ्या."

संत्र्याच्या केकमध्ये संत्र्याचा वास येतो तो मुख्यतः सालीतून, रसातून फार थोडा. सालीवरच्या बारीक ठिपक्यांत तेलाच्या पिशव्या असतात आणि फळाचा सुगंध त्या तेलात असतो. लिंबाची साल किसणीवर सहज किसली जाते. नागपुरी संत्र्याची साल मात्र सैल आणि पोकळ असते, ती किसणीखाली दबते आणि फाटते. म्हणून आम्ही फळे कोमट पाण्यात धुऊन पुसली, साली सोलल्या आणि आतला पांढरा थर चमच्याच्या कडेने खरवडून काढला, कारण तोही कडू असतो. उरलेली केशरी साल साखरेबरोबर मिक्सरमध्ये दळली. तेल साखरेच्या कणांनी शोषून घेतले आणि ओलसर, शेंदरी साखर तयार झाली. तिचा दरवळ दुकानाच्या पुढच्या भागापर्यंत गेला. बगीच्यातून थेट आलेल्या फळांवर बाजारातल्यासारखे मेण चढवलेले नव्हते, हा मोठाच फायदा होता.

एका किलो मैद्याला सातशे ग्रॅम साखर घेतली, त्यातली दोनशे ग्रॅम सालीची. सहाशे ग्रॅम दही, चारशे ग्रॅम तेल, तीनशे मिलिलिटर दूध, वीस ग्रॅम बेकिंग पावडर, सहा ग्रॅम सोडा आणि फक्त दोनशे मिलिलिटर ताजा रस. हा रस आडव्या कापलेल्या फळांतून, बिया आणि पापुद्रे न चिरडता, हलक्या हाताने आणि प्रत्येक घाण्याच्या वेळीच पिळला. कोरडे आणि ओले जिन्नस एकत्र केल्यावर मोजके हात फिरवले. मफिनचे मिश्रण घोटले तर मैद्यातले ग्लुटेन ताणले जाते आणि आत लांबट बोगदे पडतात. पापुद्रा काढून निथळलेल्या फोडींचे तुकडे मैद्यात घोळवून वरून पेरले. ओव्हन आधी दोनशे अंशांवर आणि मफिन फुलून आल्यावर एकशे ऐंशीवर ठेवला. मफिनच्या आतले तापमान शंभर अंशांपलीकडे जात नाही, आणि सालीच्या तेलातला मुख्य घटक १७६ अंशांच्या आसपास उकळतो. म्हणून बराचसा सुगंध आत टिकून राहतो.

पहिला मफिन आम्ही पूर्ण निवू दिला. तो अर्धा-अर्धा करून दादांनी आणि मी खाल्ला, आणि आम्ही दोघेही काही वेळ घशाशी कडू येते का याची वाट पाहत उभे राहिलो. आले नाही. मग एकामागून एक घाणे लागले.

कपकेकच्या क्रीममध्ये रस आटवून घालण्याची माझी नेहमीची पद्धत त्या दिवशी मी सोडली, कारण आटवताना उष्णतेने कडवटपणा वाढून तो थोड्या द्रवात एकवटला असता. त्याऐवजी सालीची साखर बारीक दळून, चाळून लोण्यात फेटली. क्रीमला फिकट केशरी छटा आली. रंग वेगळा घालावा लागला नाही.

चारच्या सुमारास काका स्वतः आले. मी त्यांना एक मफिन दिला. त्यांनी तो फोडून आधी नाकाशी नेला, मग खाल्ला आणि विचारले, "हा वास सालीचा हाय ना?" साली आम्ही कशा दळल्या ते मी त्यांना सविस्तर दाखवले, कारण दर हंगामात त्यांच्या अंगणात सालींचा ढीग पडतो आणि तो गुरांपुढे किंवा उकिरड्यावर जातो, असे त्यांनीच सांगितले होते. उरलेली शेंदरी साखर बरणीत भरून मी त्यांच्याबरोबर दिली आणि ती फ्रिजमध्ये ठेवून काही दिवसांतच वापरावी, असे सांगितले.

आता फळ देऊन मागणी नोंदवणाऱ्यांना मी तीन गोष्टी आवर्जून विचारते: बहर कोणता, तोडणी कधीची, आणि फळ अखंड येणार की सोललेले. रस काढून आणू नका, ही विनंतीही तेव्हाच करते.