अँटी-क्रीपरला आयटम कोड नसतो

रूळ लांबीच्या दिशेने सरकतो त्याला क्रीप म्हणतात, आणि ते थांबवायला रुळाला मारतात तो पोलादी आकडा म्हणजे अँटी-क्रीपर. तो विकत घेताना आणि मारताना काय झालं, ते कारखान्यांच्या खासगी साईडिंगवर (कारखान्यात येणाऱ्या रेल्वे लाइनवर) काम करणाऱ्या सिव्हिलवाल्यांसाठी लिहितोय. रेल्वेतल्या मंडळींना यात नवीन काही सापडणार नाही, त्यांची दुखणी वेगळी आहेत. आमच्याकडे रुळांचा माणूस एकच असतो आणि शेडचे पत्रे, गटारं, कॅन्टीनची फरशी हेही त्याच्याच गळ्यात असतं.

आमची साईडिंग चंद्रपूर जिल्ह्यात. कोळशाच्या वाघिणी भरून आत येतात, रिकाम्या बाहेर जातात. मेन लाइनकडचा भाग सिमेंट स्लीपरचा (रुळाखालच्या आडव्या ठोकळ्यांचा) आहे. तिथे पँड्रॉल क्लिपा रुळाला दाबून धरतात, त्यामुळे त्याची काळजी नाही. पण गेटपासून यार्डाच्या पॉइंटपर्यंतचा (गाडी एका लाइनवरून दुसरीवर वळते तिथपर्यंतचा) चारेकशे मीटरचा तुकडा अजून जुन्या काळातला आहे: लाकडी स्लीपर, डॉग स्पाइक (रूळ स्लीपरला धरणारे मोठे खिळे), ९० पाउंडी रूळ आणि दर १३ मीटरला फिशप्लेटचा, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचा जोड. डॉग स्पाइक रुळाला आडवं सरकू देत नाही, तेवढंच त्याचं काम. लांबीच्या दिशेने रूळ निघाला तर तो काही करू शकत नाही. ५८ बॉक्सएन (वरून उघड्या) वाघिणींची भरलेली रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, म्हणजे साडेचार हजार टनांच्या वर वजन. ती आत येते, यार्डाजवळ ब्रेक लावते आणि रुळाला केसभर पुढे ढकलून जाते. रिकामी रेक परत जाताना रूळ तेवढा मागे आणत नाही. त्यात आमचा उतारही यार्डाकडेच.

दिवाळीनंतर पॉइंट्समनने सांगितलं, "साहेब, लिव्हर लई जड जाऊन राह्यला." तेव्हा क्रीप पोस्टवर सुतळी ताणून बघितली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रुळाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर रुळाचेच तुकडे उभे पुरलेले असतात. एकावरून दुसऱ्यावर सुतळी ताणायची आणि रुळाच्या पायावर मारलेली छिन्नीची खूण सुतळीपासून किती पुढे गेली ते पट्टीने मोजायचं. आमची खूण १२० मिलिमीटरच्या पुढे गेलेली. रेल्वेच्या मॅन्युअलमध्ये सुट्या जोडांच्या रुळाला १५० ची हद्द दिली आहे, एका जागी सलग सहापेक्षा जास्त रूळ जॅम (मधली फट मिटलेले) नकोत असं म्हटलं आहे आणि पॉइंटवर क्रीप अजिबात चालत नाही. आमचा टंग रेल (पॉइंटचा सरकणारा निमुळता रूळ) नीट टेकत नव्हता. म्हणजे पहिल्या हद्दीत असूनही तिसरी मोडलेलीच होती. यार्डाकडचे जोड एकमेकांना चिकटलेले, त्यात पोस्टकार्डही जाईना. गेटकडच्या जोडांत मात्र बोट जात होतं, आणि तिथले फिशबोल्ट वाकायला लागले होते.

हिवाळ्यात चिकटलेला जोड उन्हाळ्यात काय करेल याचा हिशोब सोपा आहे. १३ मीटरचा रूळ ४० अंशांनी तापला की साधारण ६ मिलिमीटर वाढतो. चंद्रपूरचं ऊन मी कुणाला समजावून सांगायची गरज नाही. वाढायला जागा नसली की रूळ बाजूला फुगतो.

उपायही ठरलेला आहे. रूळ मागे ओढायचे, जोडांत गॅप द्यायचा आणि ते पुन्हा निघू नयेत म्हणून अँटी-क्रीपर मारायचे. अँटी-क्रीपर म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाचा किलोभराचा आकडा. तो रुळाच्या पायाखालून घालून घणाने बसवला की पाय घट्ट पकडतो आणि स्लीपरच्या कडेला टेकतो. रूळ पुढे जायला लागला की आकडा स्लीपरला रेटतो, स्लीपर गिट्टीला रेटतो आणि गिट्टी जागची हलत नाही. एवढंच. हलणारा भाग नाही, नट नाही, बोल्ट नाही.

हे असं असल्यामुळेच आमच्या पर्चेसमध्ये ते कुठल्याच खान्यात बसेना.

इंडेंट (मागणीपत्र) टाकायला सॉफ्टवेअरमध्ये आयटम कोड लागतो. अँटी-क्रीपरला कोड नव्हता, कारण साईडिंग टाकली तेव्हा माल कंत्राटदाराने आणलेला आणि स्टोअरचं रजिस्टर त्या वेळी हाताने लिहीत. नवीन कोड हवा असेल तर फॉर्म. फॉर्मात ग्रुप, सबग्रुप, युनिट, मेक, ड्रॉइंग नंबर, एचएसएन (करासाठीचा मालाचा वर्ग क्रमांक), वार्षिक खप, शेल्फ लाइफ. हो, शेल्फ लाइफ. पोलादाच्या आकड्याची. रकाना लाल चौकटीतला, रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे जात नाही. मी "लागू नाही" लिहिलं, तर तिथे फक्त संख्या चालते. शेवटी स्टोअरच्या पोराने हळूच सांगितलं, "सर, ९९९ टाका, सगळे तेच टाकतात." आज आमच्या रेकॉर्डनुसार अँटी-क्रीपर ९९९ महिने टिकतो.

वार्षिक खपात शून्य चालत नाही. माल एकदा मारला की वर्षानुवर्षं राहतो, मग खप काय लिहू? खप नसेल तर कोड कशाला, असा त्यावर प्रश्न आला. लेखी.

खरी गाडी अडली ती एचएसएनवर. पर्चेसने ग्रुप निवडला "फास्टनर", त्याबरोबर आपोआप ७३१८ पडला. ७३१८ म्हणजे स्क्रू, नट, बोल्ट, वॉशर. रूळ, फिशप्लेट, रेल क्लिप आणि रूळ पकडून ठेवायचं बाकीचं लोखंडी सामान ७३०२ मध्ये येतं. मी तसं लिहून दिलं. त्यावर फाइल अकाउंट्सकडे गेली. अकाउंट्सचं म्हणणं, आधी पर्चेसने ग्रुप बदलावा, मग आम्ही एचएसएन मंजूर करू. पर्चेसचं म्हणणं, अकाउंट्सने एचएसएन मंजूर केला की ग्रुप आपोआप बदलेल. दोन्ही टेबलं एकाच हॉलमध्ये, मध्ये वॉटर कूलर. मी एकाकडे उभा राहून दुसऱ्याकडे हात करायचो, तर दोघंही म्हणायचे, "सर, मेलवर टाका ना." मेलवर टाकलं की त्याला दुसरा मेल जोडून तोच प्रश्न परत यायचा. या काळात थंडी निघून चालली होती आणि मला झोपेत जॅम झालेले जोड दिसत होते. चिडून मी एकदा प्लांट हेडलाही प्रत पाठवली. त्याचा परिणाम एवढाच झाला की दोन्ही टेबलं आठवडाभर माझ्याशी अतिशय नम्रपणे बोलू लागली. काम तिथेच.

सुटलं ते अगदी क्षुल्लक गोष्टीने. जुन्या फिशप्लेटचा एक कोड सिस्टममध्ये होता, ग्रुप "रेल मटेरियल", एचएसएन ७३०२. स्टोअरच्या त्याच पोराने तो कोड कॉपी करून नाव बदलून नवीन बनवला. कॉपी केलेल्या कोडला अकाउंट्सची मंजुरी लागत नाही! तेव्हा ही टीप पहिली धरा: नवा कोड काढायला जाऊ नका. तुमच्या साईडिंगचं काहीतरी, फिशबोल्ट म्हणा, रूळ धरायची चावी म्हणा, आधी कधीतरी विकत घेतलेलं असतंच. ते शोधा आणि त्यावरून पुढे जा. आणि स्टोअरच्या सगळ्यात ज्युनियर माणसाला चहा पाजत जा.

मग तीन कोटेशनं. एकाने दर किलोवर दिला, एकाने नगावर आणि तिसऱ्याने सगळ्यात स्वस्त, पण ६० किलोच्या (मीटरला ६० किलो वजनाच्या) रुळासाठी. कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंटमध्ये अर्थातच तिसरा एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचा. माझ्या इंडेंटवर "९० आर" ठळक लिहिलेलं होतं. पर्चेसच्या साहेबांचं म्हणणं, ६० किलोचा म्हणजे जास्त मजबूत, मग हरकत काय? ९० आर म्हणजे एक यार्ड (तीन फूट) लांबीला ९० पाउंड, मीटरला साडेचव्वेचाळीस किलोच्या आसपास. त्याच्या पायाची रुंदी १३६.५ मिलिमीटर. ६० किलोच्या रुळाचा पाय १५० चा. हे सगळं तोंडी सांगून झालं, कागदावर काढून झालं, साहेबांची मान काही हलेना.

शेवटी भंगारातून ९० आरचा कापलेला वीतभर तुकडा घेतला, आमच्या मेटने (गँगच्या मुकादमाने) तो खांद्यावरून आणला, जवळजवळ दहा किलोचा. साहेबांच्या टेबलावर काच होती म्हणून खाली लोकमतची घडी टाकली आणि त्यावर तुकडा ठेवला. वेंडरने पाठवलेला ६० किलोचा नमुना त्याच्या पायात घातला आणि म्हटलं, सर, जरा हात लावा. साहेबांनी एका बोटाने हलवला, तो बांगडीसारखा फिरला. मग ९० आरचा नमुना घातला. तो बसवायला मेटने खिशातली छोटी हातोडी काढली तसे साहेब घाईने "नको नको, काच फुटेल" म्हणाले आणि तिथल्या तिथे एल-वन रद्द करून सही केली. एवढ्या महिन्यांत त्या ऑफिसात मला मिळालेलं हे एकमेव समाधान. आमचा मेट अजून त्याची नक्कल करतो.

या सगळ्या खरेदीची रक्कम एखादी रेक काही तास अडकली तर जे डेमरेज (वाघिणी अडकवल्याचा आकार) बसतं त्याच्या आसपासची. माझा राग अजून गेलेला नाही.

माल फेब्रुवारी संपता संपता आला. ब्लॉक (कामासाठी लाइनवर गाडी बंद ठेवायची वेळ) मात्र डिस्पॅचने मागितल्या क्षणी दिला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. काम भल्या पहाटे केलं, रूळ थंड असताना. दोन्ही बाजूंना बॅनर फ्लॅग, रुळाला चिकटणारा थर्मामीटर लावलेला. ओढायची सुरुवात गेटकडून, म्हणजे जिकडे जोड फाकलेत तिकडून. चिकटलेल्या टोकाकडून सुरू करावंसं वाटतं, पण तिथे रूळ मागे जायला जागाच नसते. फिशप्लेटा सोडल्या, स्पाइक ढिले केले, पहारींनी आणि पुलरने एकेक रूळ मागे घेतला आणि प्रत्येक जोडात त्या वेळच्या तापमानाला हवा तेवढ्या जाडीचा लायनर (फट राखायची पट्टी) घालूनच पुढचा रूळ धरला. तिरके झालेले स्लीपर गुण्या लावून सरळ केले. पॉइंट सगळ्यात शेवटी.

अँटी-क्रीपर कुठल्या बाजूला मारायचा यावर आमच्या गँगमध्येच वाद झाला. रूळ जिकडे चाललाय तिकडे पुढे आडवा लावावा असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं केलं तर काहीच होत नाही. आकडा रुळाबरोबर जातो, तेव्हा तो स्लीपरच्या मागच्या कडेला हवा, म्हणजे पुढे जाताना स्लीपरवर आदळेल. आमचा रूळ यार्डाकडे जातो, म्हणून आकडे स्लीपरच्या गेटकडच्या बाजूला. आणि टेकलेला पाहिजे. बोटभर अंतर ठेवून मारला तर रूळ आधी तेवढा सरकून घेणार.

दोन्ही रुळांवर एकाच स्लीपरला मारा. एकीकडे मारला, दुसरीकडे नाही, तर स्लीपर तिरका होतो आणि गेज (दोन रुळांमधलं अंतर) बिघडतं. कुजलेला स्लीपर सोडून द्या. जोडालगतच्या स्लीपरलाही मी मारत नाही. घण मारताना आकडा खाचेत बसला की थांबायचं. आमच्यातल्या एका तरण्या पोराने जोरात येऊन आणखी दोन घाव घातले, स्प्रिंग उघडली, तो आकडा फेकून द्यावा लागला. जुने काढलेले पुन्हा वापरायचा मोह होतो, पण त्यांची पकड गेलेली असते. हाताने हलवून बघा आणि भंगारात टाका.

हो, एक राहिलंच. इंडेंटवर रुळाचा सेक्शन लिहाच, आणि तुमचा रूळ ५२ किलोचा असेल तर जास्तच जपून. ५२ आणि ९० आर यांचे पाय रुंदीला जवळजवळ सारखे, १३६ च्या आसपास. नुसती रुंदी मोजणारा वेंडर एकाच्या जागी दुसरा खपवेल. पायाच्या कडेची जाडी वेगळी असते. नमुना रुळाच्या तुकड्यावर बसवून बघितल्याशिवाय ऑर्डर सोडू नका.

आणि गिट्टी. सगळे आकडे नीट मारले आणि स्लीपरमधली गिट्टी अर्धी असली तर रुळाबरोबर स्लीपरही निघतो. आमच्याकडे पावसात वाहून आलेल्या कोळशाच्या चुऱ्याने गिट्टी भरलेली होती, ती काढून नवी टाकायला मूळ कामापेक्षा जास्त माणसं लागली. त्याचं बजेट आधीच मागून ठेवा. गिट्टीला आयटम कोड असतो.

पहिल्या काही भरलेल्या रेक गेल्यावर परत एक फेरी मारायची, कुठला आकडा स्लीपरपासून सुटलाय ते बघायचं आणि तो काढून पुन्हा टेकवून बसवायचा. मग क्रीप पोस्टपाशी रुळावर नवी खूण, रजिस्टरमध्ये तारीख. मी दर महिन्याला सुतळी ताणतो. मे महिन्यात सगळ्यात कडक उन्हात दुपारी जाऊन जोड बघितले, सगळ्यांत थोडी थोडी फट शिल्लक होती. पॉइंट्समन आता एका हाताने लिव्हर टाकतो. पर्चेसकडून मात्र गेल्या आठवड्यात मेल आलाय: अँटी-क्रीपरचा वार्षिक खप इंडेंटमध्ये दाखवल्याप्रमाणे का झाला नाही, याचा खुलासा करावा.